शाळेच्या पायरीपासून सुरुवात: प्राथमिकच्या मुलांना परिसर आणि त्याचा इतिहास कसा शिकवावा

परिसरातून शिकवायचं ठरवलं की नव्या शिक्षकाच्या मनात सगळ्यात आधी सहल येते. बस ठरवायची, एखादी मोठी वास्तू गाठायची, तिथल्या माणसाकडून माहिती ऐकवायची आणि परत आल्यावर निबंध लिहून घ्यायचा. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, एका दिवसात तीन ठिकाणं. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं तर त्यांना आठवत होतं ते बसमध्ये कोण कोणाशेजारी बसलं होतं एवढंच. चूक मुलांची नव्हती. त्यांच्याकडे शोधायला काहीच नव्हतं, सगळं आधीच शोधून त्यांच्यापुढे मांडलेलं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही शाळेच्या दारातल्या दगडी पायरीपासून सुरुवात केली. चौथीतल्या एका मुलीने पायरीवर लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीखालच्या फटीत करंगळी घालून पाहिली. करंगळी आत गेली. मग तिने पट्टी सरकवत नेली. उजवीकडे फट नव्हतीच, डावीकडे मात्र बरीच होती. पायरी एकाच बाजूने का झिजली, या प्रश्नावर तीन आठवडे गेले. पुढे जे सांगतो आहे ते मुख्यतः त्या तीन आठवड्यांतून आणि त्यानंतरच्या वर्षांतून शिकलेलं आहे. तिसरी-चौथीचा वर्ग पहिल्यांदाच परिसरात घेऊन जाणाऱ्या शिक्षकासाठी हे लिहितो आहे. पालकांनाही यातलं बरंच घरच्या घरी करता येईल.

पहिली पायरी: आधी स्वतः एकट्याने फिरा

शाळा सुटल्यावर वही-पेन्सिल घेऊन तास-दीड तास फिरा. मुलांच्या चालीने दहा मिनिटांत पोचता येईल तेवढाच टापू घ्या. त्यापलीकडे गेलात तर तासिकेचा निम्मा वेळ जाण्यायेण्यात जातो. वेगळं काही दिसलं की टिपून घ्या: दगडात कोरलेलं साल, कोनशिला, बुजवलेली खिडकी, विहिरीच्या काठावर दोराने पडलेले चरे, भिंतीत मध्येच वेगळ्या रंगाच्या विटांचा पट्टा, आजूबाजूच्या घरांपेक्षा वर आलेला रस्ता, ज्या वस्तूवरून नाव पडलं ती वस्तूच उरलेली नाही अशी गल्ली.

‘आमच्या भागात इतिहास नाही’ असं बरेच शिक्षक म्हणतात. दहा वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या वसाहतीलाही इतिहास असतो. तिथे आधी शेत होतं की माळ, पाणी कुठून यायचं, पहिलं कुटुंब कुठून आलं? उलट अशा ठिकाणी एक मोठी सोय आहे. सगळं पाहिलेली माणसं अजून तिथेच राहतात.

दुसरी पायरी: एकच प्रश्न निवडा

इथे घाई करू नका, सगळं काम याच्यावरच उभं राहतं. ‘आपल्या गावाचा इतिहास शोधा’ हा प्रश्न मुलांच्या हातात मावत नाही. मुलं कोणाच्या तरी लेखातून चार ओळी उतरवून आणतात आणि काम तिथेच संपतं. ‘इथे फाटक होतं का?’, ‘या झाडाभोवती पार कोणी बांधला?’, ‘शाळा बांधण्याआधी या जागेवर काय होतं?’ असे प्रश्न हातात मावतात.

प्रश्न चांगला आहे की नाही हे मी तीन गोष्टींवरून ठरवतो. मुलांना हात लावून किंवा मोजून पाहता येईल असं त्यात काहीतरी हवं. त्याबद्दल सांगू शकेल असा निदान एक माणूस हयात आणि जवळपास हवा. आणि उत्तर मला स्वतःला पूर्णपणे ठाऊक नसावं. या तिसऱ्या अटीने नवे शिक्षक दबकतात. पण शिक्षकाला उत्तर माहीत असलं की मुलं ते त्याच्या चेहऱ्यावर शोधू लागतात, आणि मग भिंतीकडे कोणी बघत नाही.

प्रश्न मुलांकडूनच येऊ दे, असंही सांगितलं जातं. यावर माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या वेळी दोन-तीन प्रश्न तुम्ही ठेवा आणि त्यातला एक वर्गाला निवडू द्या. दुसऱ्या वेळेपासून मुलं आपणहून प्रश्न आणतात.

तिसरी पायरी: परवानग्या आणि सुरक्षितता

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र आणि जिथे जायचं तिथल्या माणसांना आदल्या दिवशी पूर्वकल्पना. सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, पालकांना सोबत घेतलंत तर हे सहज जमतं. प्रथमोपचाराची पेटी आणि पाणी बरोबर हवं. कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, याची यादी खिशात असू द्या. रस्ता ओलांडायच्या जागा आधीच ठरवा. उघडी विहीर किंवा पडीक इमारत असेल तर काठाला किंवा आत कोणीही जाणार नाही, हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.

चौथी पायरी: वर्गातच नकाशाचा सराव

नकाशा वाचायच्या आधी मुलांनी नकाशा काढलेला असावा. सुरुवात बाकावरच्या वस्तूंपासून करा. वही, पट्टी, डबा वरून पाहिले तर कसे दिसतील? मग वर्ग, मग मैदान.

अंतरासाठी मोठ्या टेपची गरज नाही. मैदानावर १० मीटरची रेघ आखा. प्रत्येक मुलाने ती नेहमीच्या चालीने तीनदा चालायची आणि दर वेळी पावलं मोजायची. समजा एकीला १८ पावलं लागली. मग फाटकापासून भिंतीपर्यंत तिची ९० पावलं झाली तर अंतर ५० मीटर. हे गणित मुलं मनापासून करतात, कारण पाऊल त्यांचं स्वतःचं असतं. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही उपयोग नाही हेही त्यांना आपोआप कळतं.

जवळून दूर जायची ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १८९२ मध्ये एक मनोरा घेतला होता. लोकांना आधी त्याच्या माथ्यावर नेत. तिथे आरसा आणि भिंगाच्या साहाय्याने आजूबाजूचं शहर एका पांढऱ्या टेबलावर हलतंडुलतं दिसे. त्याखालच्या मजल्यावर एडिनबरा, मग स्कॉटलंड, पुढे युरोप आणि तळाशी जग, असं पायरी-पायरीने उतरत जायचं. हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जपानमध्ये आजही तिसरीची मुलं समाजशास्त्रात आपलं शहर किंवा गाव शिकतात आणि चौथीत आपला प्रांत. देश त्यानंतर येतो. आपल्याकडच्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडणं हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामुळे ‘हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे’ असं कोणी म्हटलं, तर तुमच्याकडे उत्तर आहे.

पाचवी पायरी: पाहणीची फेरी

फेरी चाळीस मिनिटांहून जास्त नको. पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळं काम द्या. एका गटाने मोजायचं, एकाने चित्रं काढायची, एकाने दिसेल तो मजकूर जशाच्या तसा उतरवायचा आणि एकाने फक्त ‘हे असं का?’ असे प्रश्न लिहायचे. सगळ्यांना एकच काम दिलंत तर दोन मुलं करतात आणि बाकीची बघत राहतात.

मोबाइलवर फोटो शेवटी काढा, आधी चित्र. फोटो काढला की मुलं पुढे सरकतात, आणि चित्र काढताना त्यांना थांबावं लागतं. आमच्याकडे बुजलेलं फाटक एका मुलाला चित्र काढतानाच सापडलं. कुंपणाच्या भिंतीतल्या विटा रंगवताना त्याला एके ठिकाणी सारखा दुसरा खडू घ्यावा लागत होता. दोन ओळींत वेगळ्या विटा नव्हत्या, वरपासून खालपर्यंत एक उभा पट्टाच वेगळा होता. रोज त्याच भिंतीला दप्तर टेकवून बसणाऱ्या मुलांना, आणि मलाही, तो तोवर दिसला नव्हता. पट्टा पायरीच्या डाव्या अंगाला होता. मुलांनी पावलांनी त्याची रुंदी मोजली, मग पायरीपासूनचं अंतर मोजलं, आणि एकीने सावकाश म्हटलं, “म्हणजे सगळे इकडून यायचे.”

मी ‘बरोबर’ म्हटलं नाही. “असं वाटतंय खरं, पण खात्री कशी करायची?” एवढंच विचारलं.

कोरीव अक्षरांवर कागद ठेवून खडूने ठसा घेणं मुलांना फार आवडतं. पण दगड भुगा होऊन सुटत असेल किंवा वास्तू संरक्षित असेल, तर ठसा घेऊ नका. तिथे चित्रच काढा.

सहावी पायरी: माणसांना विचारणं

मुलाखतीची तयारी वर्गात करा. दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांना प्रश्न विचारू द्या. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असा प्रश्न आला की बाकीच्यांनी तो बदलून सांगायचा. ‘तेव्हा शाळा चांगली होती का?’ याऐवजी ‘तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा सकाळी शाळेत कसे यायचा?’ ‘माझ्याएवढे होता तेव्हा’ म्हटलं की आजी-आजोबांच्या बोलण्याची तऱ्हाच बदलते. ते मोठ्यांशी बोलल्यासारखे सारांश सांगत नाहीत, बारीकसारीक सांगू लागतात.

आणखी दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. एक, गप्प राहणं. समोरचा माणूस थांबला की मुलं लगेच पुढचा प्रश्न विचारतात. मनात पाचपर्यंत मोजा, असं मी सांगतो. बरेचदा खरी आठवण त्या पाचांतच वर येते. दुसरी, आवाज रेकॉर्ड करण्याआधी आणि नाव लिहिण्याआधी विचारणं. कोणी नको म्हटलं तर तिथेच थांबायचं.

कोणाला विचारायचं हे फार महत्त्वाचं आहे. गावातल्या नावाजलेल्या माणसाकडे सगळेच जातात. शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी, भिंत बांधणारे गवंडी, टपाल वाटणारे काका यांना जागा जास्त बारकाईने ठाऊक असते. बायकांना आवर्जून विचारा, कारण ‘मला काय माहीत, त्यांनाच विचारा’ म्हणून त्या नवऱ्याकडे बोट दाखवतात आणि पाण्यापासून शाळेच्या वाटेपर्यंतचं किती तरी त्यांनाच आठवत असतं.

आणि ज्या मुलाचं घर गेल्या वर्षीच इथे आलंय त्याचं काय? ‘आजोबांना विचारून ये’ म्हटलं की ते मूल मान खाली घालतं. अशा मुलांसाठी मी एक प्रश्न कायम ठेवतो: ‘आम्ही इथे आलो तेव्हा सगळ्यात आधी काय दिसलं?’ हाही या जागेचाच इतिहास आहे, आणि तो जुन्या रहिवाशांना सांगता येत नाही. कुटुंबात दुरावा, मृत्यू किंवा विस्थापन झालेलं असेल, तर वंशावळीचा प्रकल्प सरसकट सगळ्यांवर लादू नका. घराऐवजी जागेचा इतिहास घेतला की कोणालाही उघडं पडावं लागत नाही. जुन्या भांडणाची किंवा दंगलीची गोष्ट निघाली तर मुलांसमोर ती उकरू नका. ऐकून घ्या, आभार माना आणि वर्गात काय आणायचं ते नंतर शांतपणे ठरवा.

सातवी पायरी: पडताळणी

मला या सगळ्या कामात ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते, आणि वेळ कमी पडला की नेमकी तीच गाळली जाते. वस्तू, माणूस आणि कागद, या तिन्हींपैकी निदान दोघांनी एकच सांगितलं तर मुलांनी ते ठाम लिहायचं. एकानेच सांगितलं असेल तर ‘अमुक आजींच्या आठवणीप्रमाणे’ असं लिहायचं.

आमच्या फाटकाचंच पाहा. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ते बंद झाल्याचं एक साल सांगितलं, दुसऱ्या आजींनी भलतंच. माणसांना साल नीट आठवत नाही, पण प्रसंग पक्का आठवतो. म्हणून मुलांना पुन्हा पाठवलं आणि सालाऐवजी ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारायला सांगितलं. आजी म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण पहिलीत आली तेव्हा फाटक बंदच होतं. आम्ही दोघी वळसा घालून यायचो.” माजी विद्यार्थी म्हणाले, “चौथीच्या शेवटच्या दिवशी मी त्याच फाटकातून पळालो होतो.” मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी जनरल रजिस्टर उघडलं. आजींच्या बहिणीच्या प्रवेशाचं साल मिळालं, आणि त्या गृहस्थांनी शाळा सोडल्याचंही. दोन्हींत चार वर्षांचं अंतर होतं. फाटक त्या चार वर्षांत कधीतरी बुजवलं गेलं, हे तक्त्यावर लिहिताना वर्ग अगदी शांत होता.

रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका. त्यात जन्मतारखा, जात, पत्ते असतात. तुम्ही वाचा आणि हवं तेवढंच सांगा, तेही त्या व्यक्तीला विचारून. जुने फोटो, कोनशिला, ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं, नगरपालिकेचे किंवा भूमापनाचे नकाशे हे मुलांना पाहायला हरकत नाही.

आठवी पायरी: काळ डोळ्यांना दिसेल असा मांडा

‘नव्वद वर्षांपूर्वी’ म्हणजे किती, हे आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला ते ‘डायनासोर होते तेव्हा’इतकंच लांब वाटतं. व्हरांड्यात दोरी बांधा. दर वर्षाला १० सेंटिमीटर. मूल आठ वर्षांचं असेल तर त्याचं आयुष्य ८० सेंटिमीटर, सत्तर वर्षांच्या आजींचं ७ मीटर आणि नव्वद वर्षांच्या शाळेचं ९ मीटर. आपापली चिठ्ठी चिमट्याने अडकवताना मुलं दोरीच्या कडेने चालतात, आणि आजींच्या टोकापासून आपल्या टोकापर्यंत यायला वेळ लागतो. आमच्या दोरीवर फाटकासाठी एका जागी चिमटा लावताच येईना. शेवटी मुलांनी ४० सेंटिमीटर लांबीची लाल फीत बांधली. नक्की साल माहीत नसणं असंही दाखवता येतं, हे मी त्यांना सुचवलं नव्हतं.

बाकी विषयांशी सांधा जुळवायला फार खटपट करावी लागत नाही. मोजमाप आणि प्रमाण गणितात येतं, झीज आणि बांधकामाचं साहित्य विज्ञानात, आणि मुलाखतीचं लेखन भाषेत. तासिका त्या-त्या विषयाच्या खात्यात मांडल्यात की वेळापत्रकही बसतं. पहिल्या वेळी तीन आठवड्यांत आठ-दहा तासिका पुरतात.

नववी पायरी: ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्या

फ्रान्समध्ये १९२० साली सेलेस्तँ फ्रेने हे एका खेड्यातल्या शाळेत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात छातीला झालेल्या जखमेमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. ते मुलांना घेऊन बाहेर फिरायला जात, गावातल्या कारागिरांची कामं पाहत, आणि परत आल्यावर मुलं जे पाहिलं ते लिहीत. पुढे त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं, आणि मुलांचं लेखन छापून घराघरांत आणि दुसऱ्या शाळांत जाऊ लागलं. कोणीतरी खरोखर वाचणार आहे हे माहीत असलं की मूल वेगळ्याच काळजीने लिहितं. हे मी माझ्या वर्गातही दर वर्षी पाहतो.

म्हणून शेवट वहीत करू नका. प्रदर्शन भरवा, तेही शक्यतो त्याच जागी, पायरीपाशी आणि भिंतीपाशी. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना मुलांच्या हस्ताक्षरातलं आमंत्रण द्या. मांडणी साधी असू दे. प्रत्येक तक्त्याशेजारी दोरीने एक पेन्सिल अडकवा आणि ‘यात चूक असेल तर कृपया दुरुस्त करा’ अशी चिठ्ठी लावा. मोठी माणसं वाकून वाकून दुरुस्त्या करतात, आपसांत वाद घालतात आणि घरी जाऊन जुने फोटो शोधून आणतात. पुढचं अर्धं काम तिथेच सुरू होतं.

मूल्यमापन करताना तक्त्याची सजावट बघू नका. ‘तुला हे कसं कळलं?’ असं प्रत्येक मुलाला विचारा. ‘पुस्तकात होतं’ किंवा ‘बाईंनी सांगितलं’ यापुढे जाऊन ‘आजी म्हणाल्या, पण विटांवरूनही तसंच दिसतं’ असं उत्तर आलं, की त्या मुलाला जमलं.

शेवटी: पेटी भरून ठेवा

सगळे कागद एका पेटीत ठेवा. प्रत्येक कागदावर तारीख, गटाचं नाव आणि माहिती कोणाकडून मिळाली ते हवंच. त्याशिवाय पाच वर्षांनी तो कागद कोणाच्या कामाचा राहत नाही. आवाजाच्या फायली संगणकावर आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर, अशा दोन्हीकडे ठेवा. माहिती देणाऱ्यांचे फोन नंबर मात्र पेटीत ठेवू नका, ते कार्यालयात जमा करा.

आमच्या पेटीत सगळ्यात वर कुंपणाचा नकाशा आहे. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय: ‘फाटक का बुजवलं ते सापडलं नाही. पुढच्या चौथीने गवंडीकाकांना विचारावं.’ जूनमध्ये नव्या वर्गाला मी पहिल्यांदा तेच वाचून दाखवतो.